खडपाची ओळ

मी गाव सोडलं ते पापलेटच्या टेम्पोतून. बर्फाच्या पेट्यांच्या मधे माझी पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेवर मी. सकाळचे दहा वाजले असतील. बाबा बंधाऱ्यावर जाळं पसरून सांधत बसले होते. टेम्पो शेजारून गेला तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, हातात सुई होती. नुसती मान वर करून म्हणाले, "बोईसरच ना? मंग रविवारी ये."

पालघरला स्टेशनाबाहेरच्या नळावर तोंड धुतलं, मासळीचा वास लागलेला शर्ट बदलला आणि गाडीत बसलो. मधे एकच स्टेशन, उमरोळी. तिथं गाडी थांबली तेव्हा वाटलं, अजून उतरता येईल. मग गाडी सुटली. एवढंच माझं स्थलांतर. त्या रविवारी मी गेलो नाही. पहिल्याच आठवड्यात ओव्हरटाइम मिळाला होता.

आपल्या गावातले पुष्कळ जण माझ्यापेक्षा लांब गेले. कुणी कुवेतला, कुणी जहाजांवर. ते सुट्टी मिळाली की धावत येतात आणि जाताना सुक्या बोंबलांची पिशवी भरून नेतात. मी तासा-दीड तासाच्या वाटेवर होतो आणि तीन-तीन महिने फिरकलो नाही. कधीही जाता येतं, म्हणून जायचं राहतं. बोईसर-वसईला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि गावातून गेलेल्यांसाठीही. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही. माझ्याबद्दल गावात एक चांगली गोष्ट सांगतात, की जयवंताची बोट फुटली, पाय अधू झाला, तेव्हा मोठ्या भावानं त्याला कंपनीत लावलं. बाबांबद्दल एक वाईट गोष्ट सांगतात, की म्हाताऱ्याची खूण चुकली म्हणून ती बोट फुटली. या दोन्ही गोष्टी मला मागे घ्यायच्या आहेत. पहिली खरी आहे, पण अर्धी. दुसरी खोटी आहे आणि ती खोटी आहे हे बाबा असेपर्यंत मला एकट्याला ठाऊक होतं.

बाहेरगावी वाढलेल्या मुलांसाठी आधी खूण म्हणजे काय ते सांगतो. समुद्रात रस्ता नसतो. आपले लोक किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायचे, एक जवळची, एक लांबची. डोंगराचं टोक देवळाच्या कळसावर बसलं की तुम्ही एका रेषेवर आहात. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी जुळवली की जागा पक्की. दोरीला शिसं बांधून खाली सोडायचं, पाणी किती वाव, म्हणजे किती पसरल्या हातांएवढं खोल, ते मोजायचं, शिशाला लावलेल्या चरबीला काय चिकटून आलं, वाळू की चिखल, ते बघायचं. हे सगळं लक्षात राहावं म्हणून त्याच्या ओळी केलेल्या होत्या आणि त्या गायच्या होत्या. बाबांना अशा पन्नासेक ओळी येत. त्यांच्या बापाकडून आलेल्या काही, काही स्वतः रचलेल्या.

*घोड्याचा कान देवळाच्या माथी,*
*बारा वाव पाणी, वाळू येईल हाती.*

घोडा म्हणजे गावामागचा डोंगर. समुद्रातून त्याला दोन कान दिसत. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, बोटी पाण्यात जाण्याआधी, किनाऱ्यावरच्या देवळात जुने तांडेल, म्हणजे बोटींचे म्होरके, या ओळी एकदा म्हणायचे आणि तरुण मागून म्हणायचे. बाबा सगळ्यांत पुढे बसत. ओळ चुकली की म्हणणाऱ्याला थांबवत. त्यांच्या गळ्यात सूर नव्हता, पण कुणी हसत नसे, कारण ती ओळ म्हणजे गाणं कमी आणि बोटीचा तळ जास्त.

काही वर्षांत मी बोईसरला पुरता रुळलो. रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर म्हणून लागलो, मग शिफ्ट इन्चार्ज झालो. वन बीएचके फ्लॅट, दोन मुली, दोघींची शाळेत इंग्रजी आणि बिल्डिंगखाली हिंदी. प्लांटमध्ये दर तासाला फिरून तापमान, दाब बघून लॉगशीट भरायची असते. पहिले सहा महिने मी खरोखर फिरलो. मग एका जुन्या ऑपरेटरनं मला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "पांडेजी, दुबेजी, सब यहीं बैठ के भरते हैं. मशीन तो चल ही रही है ना?" मशीन चालूच होती. आकडा मागच्या तासाला होता तोच असायचा. मी बसून भरायला शिकलो. काय फरक पडतो, हे वाक्य माझ्या तोंडात त्याच खुर्चीवर बसलं आणि मला ते शहाणपण वाटलं. गावी गेलो की तेच बोलायचो. किनाऱ्यावर मोठं बंदर येणार, मासळी जाणार, पोरं सगळी कंपनीत येणार, गाणी कशाला. मला गंमत वाटायची की या लोकांना एवढं साधं दिसत कसं नाही.

बोटींवर वाट दाखवणारी यंत्रं आली होती. माझा धाकटा भाऊ जयवंत, आम्ही त्याला जया म्हणतो, त्याच्या बोटीवरही होतं. तरी तो मला म्हणाला, "दादा, बाबांच्या वळी लिहून काढ. जवळच्या मला येतात. लांबच्या नाय येत. तुझं अक्षर बरं हाय." त्यानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मग काही रविवार मी गेलो. ओट्यावर बाबा सांगायचे, मी लिहायचो. सुरुवातीला नीट लिहिलं. बाबा खूश होते. एकेक ओळ सांगताना डोळे मिटायचे आणि मान अशी वळवायचे की जणू खरंच तिकडे काही दिसतंय. पुढे पुढे मला कंटाळा आला. नाइट शिफ्ट करून जायचो, डोळे मिटायचे. एका रविवारी तारापूरच्या पलीकडच्या पाण्यातल्या ओळी चालू होत्या. आमच्या बोटी तिकडे फारशा जात नाहीत. मी मान डोलवत होतो, पेन कागदावर टेकलेलं होतं आणि मी काहीही ऐकत नव्हतो. बाबांनी विचारलं, लिहिलंस का. मी हो म्हटलं.

बोईसरला येऊन वही पक्क्या अक्षरात उतरवायला बसलो, तेव्हा दिसलं, तीन ओळींच्या जागी नुसते शब्द आहेत. एका ठिकाणी लिहिलं होतं, "दोन ताड, खडप". बस्स. खडप म्हणजे तिथला पाण्याखालचा कातळ. भरतीला दिसत नाही आणि ओहोटीला जेमतेम फेस येतो. बाबांना फोन करता आला असता. शेजारच्या घरी फोन होता, दोन मिनिटांत ते आले असते. मी फोन केला नाही. त्या किनाऱ्यावर मी एकदा नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. बंधाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघितल्याचं आठवत होतं. ताड पाठीशी होते आणि डाव्या हाताला, लांब, पाणी पांढरं होत होतं. म्हणून मी लिहिलं, दोन ताड एकावर एक आले की खडप डाव्या हाताला, उजवीनं ये. यमकसुद्धा जुळवलं. इतर दोन ओळीही तशाच भरल्या. लॉगशीट भरावी तशा.

बोटीतून येणारा माणूस किनाऱ्याकडे तोंड करून येतो. माझं डावं ते त्याचं उजवं. कोळ्याच्या घरातल्या शेंबड्या पोराला हे कळतं. मलाही कळत होतं, विचार केला असता तर. पण ही वही कोण उघडणार आहे? यंत्र आहे की. म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून लिहायचं. काय फरक पडतो.

जयानं वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बोटीच्या पेटीत ठेवली.

पुढे तीन वर्षांनी, होळीच्या आधी, जया चार खलाशी घेऊन वर, तारापूरच्या पलीकडे, गेला होता. वारा फिरला. बोटीत पाणी आलं आणि यंत्राची वायर जळाली. दिवस होता, किनारा दिसत होता, पण तिकडचं पाणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. त्यानं वही काढली. ताड दिसत होते. एकावर एक आल्यावर त्यानं बोट उजवीकडे घेतली.

माणसं वाचली, तिकडच्या गावातल्या दोन होड्या आल्या. बोट फुटली ती फुटलीच. जयाचा डावा पाय फळी आणि कातळ यांच्यात सापडला. पायाची तीन बोटं काढावी लागली आणि घोटा कायमचा वाकडा झाला. वही पाण्यात गेली.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा जया शुद्धीवर होता. एका खलाशानं मला सांगितलं, आम्ही बाबांच्या वळीनं आलो, वळ चुकीची निघाली. खरं बोलायची ती पहिली संधी होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

बाबांना गावात कुणी दोष दिला नाही. आपल्या गावात तोंडावर असं बोलत नाहीत. लोकांनी त्यांना विचारणं सोडलं. आधी मोसमाच्या तोंडाशी तरुण तांडेल संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. ते येईनासे झाले. त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा देवळात गेले आणि मागे, चपलांजवळच्या पायरीवर बसले. पुढे बसा असं कुणी म्हटलं नाही. मी त्या दिवशी गावात होतो. मीही म्हटलं नाही.

जयाला मी आमच्या कंपनीत गेटवर सिक्युरिटीत लावलं. गावात माझं नाव झालं. हिरामावशी, आमच्या आईची मैत्रीण, बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते. तिनं भर बाजारात चार गिऱ्हाइकांना सांगितलं, भाऊ असावा तर असा, आणि मला दोन पापलेटं जास्त घातली. मी ती घरी आणली. खाल्ली.

तुम्हाला वाटेल, बाबा खचले असतील. मलाही तेच वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. ते बोलेनासे झाले असते तर विषय संपला असता. पण झालं वेगळंच. घोड्याच्या डोंगरावर खाणीचं काम सुरू झालं होतं, रस्त्यांना आणि भरावाला दगड लागत होता. एका वर्षात घोड्याचा एक कान गेला. अर्ध्या ओळी त्या कानावर होत्या. मी बाबांना म्हटलं, बघा, आता डोंगरच गेला, सुटलात. बाबा म्हणाले, "कान गेला तं काय झालं? काहीतरी उभं असंलच ना तिथं."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी नव्या ओळी करायला घेतल्या. बंधाऱ्यावर बसायचे आणि येणाऱ्या बोटीला विचारायचे, बारा वावावरून आज काय दिसतं? मोबाइलचा टॉवर दिसतो? तो कशाच्या मागं जातो? पोरं हसायची. एक जण म्हणाला, "आजोबा, टॉवरला रेंज हाय का ते पन घाला गान्यात." बाबा म्हणाले, "तुझ्या घरचा पंखा दिसंल तं तोपन घालीन. तू फक्त नीट बघून ये." आणि मग एक नवीन नियम त्यांनी घातला. कुठलीही ओळ तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या दिवशी ताडून बघितल्याशिवाय पक्की करायची नाही. कारण विचारलं की सांगायचे, माझ्या डोक्यावर इसंबू नका, ते एकदा चुकलंय.

मी समोर बसलेलो असायचो. नव्या ओळी लिहायलाही त्यांनी मलाच बसवलं होतं.

एकदा मला राहवलं नाही. म्हणजे खरं सांगायचं ते राहिलंच, पण चिडचिड बाहेर आली. म्हटलं, बाबा, कशाला हे? बंदराचं काम सुरू झालं की पाण्याची टाकी, टॉवर सगळं हलेल. पोरं बोटीवर राहणार नाहीत. गाणार कोण? बाबा म्हणाले, "कोन गाईल ते बघाया मी नाय. माझ्या मागं खोटं नको रवाया, येवढंच."

त्या दुपारी मी लवकर निघालो. ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. ड्यूटी नव्हती.

शेवटी त्यांच्या छातीत पाणी झालं आणि मी त्यांना बोईसरला इस्पितळात आणलं. नवी वही निम्म्यावर आली होती. एका दुपारी भेटण्याच्या वेळेत आम्ही दोघंच होतो. नाकाला नळी होती, पण डोकं साफ होतं. म्हणाले, "वसंता, एक आठवून सांग. त्या खडपाच्या वळीला मी उजवा म्हनलेलो का डावा?"

लिहिणारा मी होतो. मलाच विचारायला हवं होतं. कित्येक वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणजे कित्येक वर्षं ते मनात धरून होते.

मी म्हटलं, तुम्ही बरोबरच सांगितलं असेल.

"मंग जया कसा आपटला?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही काय सांगितलंत ते मी ऐकलंच नाही, माझ्या मनानं लिहिलं. एवढंच. खाटेच्या पायाशी लटकवलेला तापाचा तक्ता होता, मी तो वाचत राहिलो. दर चार तासांचा आकडा. सगळे आकडे सारखे होते.

त्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "चुकलो असंन मी." आणि कुशीवर वळले.

पाच दिवसांनी ते गेले. चुकलो असंन, हे घेऊन गेले. याच्यापुढे मी काय लिहितोय त्याला फार किंमत देऊ नका. ज्या माणसाला सांगायचं होतं त्याला सांगितलं नाही.

बाराव्या-तेराव्यानंतर मी जयाला सांगितलं. गावात नाही, बोईसरला, कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर, शिफ्ट सुटायच्या वेळी. तो सिक्युरिटीच्या निळ्या कपड्यात होता. मी सगळं सांगितलं, न थांबता, त्याच्याकडे न बघता. त्यानं ग्लास खाली ठेवला. विचारलं, "वहिनीला ठावूक हाय?" मी नाही म्हटलं. "आनि बाबांना?" मी नाही म्हटलं. तो उठला आणि लंगडत गेटावर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो मला रोज अडवायचा. "पास दाखवा." मी पास दाखवायचो. "बॅग उघडा." मी उघडायचो, तो डब्यापर्यंत सगळं बघायचा. मागे रांग लागायची. एका लोडरनं त्याला विचारलं, "सगा भाई है ना तुम्हारा? फिर भी पास?" जया म्हणाला, "सगा है इसलिए दो बार देखता हूँ." लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. साडेतीन महिने हे चाललं आणि त्याला मी नाही म्हणू शकत नव्हतो. उलट ज्या दिवशी त्याची सुट्टी असायची त्या दिवशी मला गेटातून नुसतं आत जाताना चोरासारखं वाटायचं.

मग त्यानं नोकरी सोडली. तसल्या पायानं दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तू बाबांना गावात खोटं पाडलंस. गावात येऊन सांग."

मागच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मी देवळात उभा राहिलो. जेमतेम वीस-पंचवीस माणसं होती, पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. मी घरून चार पानं लिहून नेली होती. त्यातलं एक वाक्य बोलता आलं. "खडपाची ओळ बाबांची नव्हती, मी न ऐकता लिहिली होती." मग पानं दुमडून खाली बसलो.

शिव्या मिळतील अशी मी तयारी केली होती. कुणी म्हणेल झालं गेलं, अशीही थोडी आशा होती, ते आता कबूल करतो. हिरामावशी बायकांत मागे बसली होती. ती म्हणाली, "वसंता, त्या दोन पापलेटांचं मी बगते नंतर. आदी सांग, मंग खरी वळ कंची?"

एवढी वर्षं मी स्वतःच्या पापाचा विचार करत होतो आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. खरी ओळ कुणाकडेच नव्हती. ज्याच्याकडे होती त्याला मी शंकेत पाठवलं होतं. कुणीतरी म्हणालं, डाव्याचं उजवं कर, झालं. पण बाबांच्या ओळीत पाणी किती वाव, कुठून वळायचं, हेही असणार. आणि ते दोन ताड आता उभे नाहीत, तिथं रस्ता झाला. खडप मात्र आहे. गावातल्या दोन बोटी हल्ली मासळीच्या मागे तिकडे जातात, कारण इकडे मिळत नाही.

बोईसरचा मी तिथं असतो तर म्हणालो असतो, यंत्र आहे, सोडून द्या. माझी सगळी भाकितं खरी ठरलीत. डोंगर गेला, मासळी गेली, पोरं कंपनीत आली, बंदराची मोजणी झाली. मी एकदाही चुकलो नव्हतो आणि त्या बरोबर असण्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. जो माणूस एकदा चुकला असं सगळे समजत होते, त्यानं मात्र त्यानंतर अठ्ठावीस ओळी करून ठेवल्या होत्या, तीन-तीन माणसांनी ताडलेल्या. त्यातल्या वीस-बावीस पोरांना येतात. टॉवरवाली तर दारू पिऊनही येते.

दिवाळीनंतर अमावास्येच्या ओहोटीला जया, मी आणि एक खलाशी छोट्या होडीतून तिकडे गेलो. पन्नाशी उलटल्यावर मला पहिल्यांदा समुद्र लागला. जया म्हणाला, "वक, वक. बोईसर सगळं बाहेर येऊ दे." खडपाच्या भोवती हळूहळू फिरायचं, शिसं सोडायचं, वाव मोजायचे, किनाऱ्यावर काय कशाच्या मागे आहे ते बघायचं आणि लिहायचं. दुपारपर्यंत दोन ठिकाणं झाली. अशा आम्ही अमावास्या-पौर्णिमा बघून सात खेपा केल्या. मी शिफ्ट बदलून घ्यायचो, सुपरवायझर वैतागला. प्लांटमध्येही मी पुन्हा फिरून रीडिंग घ्यायला लागलो. त्याबद्दल काही मोठं सांगण्यासारखं नाही. आकडे बहुतेक तेच असतात.

जया माझ्याशी कामापुरतं बोलतो. अजूनही दादा म्हणत नाही.

ओळ जुळवणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. मी एक छान जमवली होती, दाढा, लाटा असं काहीतरी होतं त्यात. जयानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "यमक सोड. मागच्या टायमालाबी तुझं यमक चांगलंच जुळलेलं." ती फाडली. जी उरली ती अशी:

*टाकीपाठी टॉवर लपं, घुमट उजव्या हाती,*
*चार वावाच्या आत नको, खडप उजव्या हाती.*

घुमट म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्राचे. कविता म्हणून तिच्यात काही नाही. एकच शब्द दोनदा आलाय आणि तो मुद्दाम ठेवलाय. तीन माणसांनी तीन वेगळ्या दिवशी ती ताडली. तिसरी खेप जयानं एकट्यानं केली, मला न सांगता.

बंदर होईल तेव्हा ही टाकी राहील की नाही, माहीत नाही. ओळीला दहा वर्षं आयुष्य मिळालं तरी पुष्कळ. मग दुसऱ्या कुणाला तरी जाऊन शिसं सोडावं लागेल. कुणी जाईल असं मी आता धरून चालतो. त्याला पुरावा नाही. पण कुणी जाणार नाही असं धरून मी एक वही लिहिली होती आणि तिचं काय झालं ते तुम्हाला सांगितलं.

या वर्षी देवळात ती ओळ म्हणायला जयानं मला उभं केलं. माझा आवाज बाबांपेक्षा वाईट आहे. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली, तेवढ्यात काशिनाथकाकांनी हात वर केला. बाबांच्या बरोबरीचे हे एकच तांडेल आता उरलेत, ऐकायला कमी येतं, पुढे बसतात.

"थांब. उजवा म्हनतोस तो कुनाचा उजवा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जयाही.

मी म्हटलं, "घराकडं तोंड करून येतो त्याचा."

काका म्हणाले, "मंग ते आदी सांग. आनि पयल्यापासून म्हन."